घराच्या भिंतीची ऊब आणि अंगणातील जास्वंद
ग्वाल्हेरसारख्या थंड प्रदेशात नाजूक झुडपासाठी जागेची व जातीची निवड

मार्गशीर्ष सरून पौष लागला की ग्वाल्हेर, लष्कर, मुरार आणि आसपासच्या खेड्यांत पहाटेची थंडी बोचू लागते. शेतातल्या गव्हाला आणि हरभऱ्याला ही थंडी मानवते. शेतकरी तिची वाटच पाहत असतो. अंगणातल्या फुलझाडांची गोष्ट मात्र निराळी आहे. भाद्रपदात गणपतीला ज्या जास्वंदीने रोज ओंजळभर फुले दिली, तिचीच पाने पौषातल्या एखाद्या सकाळी उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी काळी पडून लोंबताना दिसतात. फाल्गुनापर्यंत झाडाचा सांगाडा उरतो आणि पुढे तोही उपटून टाकला जातो.

येथील मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. दौलतराव शिंदे यांच्या फौजेची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिच्यावरूनच त्या वस्तीला लष्कर हे नाव पडले. त्या काळापासून दक्षिणेतून आलेल्या घराण्यांनी आपल्याबरोबर आपले सण आणले आणि सणांबरोबर त्यांना लागणारी फुलेही हवीशी झाली. आजही कोकणात किंवा गोव्यात नातलगांकडे गेलेली गृहिणी परतताना जास्वंदीची फांदी, अबोलीचे रोप किंवा कढीलिंबाचे पिलू ओल्या फडक्यात गुंडाळून आणते. पावसाळ्यात ते रोप तरारते आणि हिवाळ्यात मरते. दोन-तीन वर्षे असे झाले की घरातली मंडळी म्हणतात, ‘ही झाडे आपल्याकडे येतच नाहीत.’

हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा असतो. झाड मेले ते ग्वाल्हेरच्या थंडीने हे खरे. पण अंगणाच्या ज्या कोपऱ्यात ते लावले होते त्या कोपऱ्याच्या थंडीने ते मेले, हे त्याहून अधिक खरे. एकाच घराभोवती चार बाजूंना चार प्रकारचे हवामान असू शकते. त्यांपैकी सर्वांत उबदार जागा कोणती हे ओळखता आले आणि त्या जागेला शोभेल असे झुडूप निवडता आले, तर हिवाळ्याशी बरोबरीने झुंज देता येते.

थंडीचा हिशेब

पणजीत जानेवारी महिन्यातील किमान तापमानाची सरासरी २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ग्वाल्हेरात तीच सरासरी सुमारे ७ अंश आहे. इंदूर माळव्याच्या पठारावर असून तेथील हिवाळा ग्वाल्हेरपेक्षा सौम्य, तर वडोदऱ्याचा त्याहूनही सौम्य असतो. म्हणून वडोदऱ्याच्या आप्तांकडे उघड्यावर फुलणारे झुडूप ग्वाल्हेरच्या आप्तांकडे तसेच फुलेल, असे गृहीत धरता येत नाही.

सरासरीवर विसंबणेही योग्य नाही. झाड सरासरीने मरत नाही. ते दोन-तीन विशिष्ट रात्रींनी मरते. ग्वाल्हेर परिसरात काही वर्षी पारा शून्याच्या जवळपास उतरतो. सारा हिवाळा जेमतेम गेला आणि अशा दोन रात्री कडक गेल्या, तर वर्षभराची मेहनत वाया जाते. तेव्हा झुडूप निवडताना ‘ते आपल्या हिवाळ्यात टिकेल का?’ असे न विचारता ‘ते आपल्या सर्वांत वाईट तीन रात्रींत टिकेल का, आणि न टिकल्यास पुन्हा फुटेल का?’ असे विचारणे अगत्याचे आहे.

थंडीची इजा दोन प्रकारची असते. उष्ण प्रदेशातील झाडांना दहा-बारा अंशांखालीच त्रास सुरू होतो. त्यांच्या पेशींची आवरणे गारठ्याने ताठरतात, मुळांकडून पाणी नीट खेचले जात नाही, पाने पिवळी पडून गळतात आणि वाढ थांबते. यात बर्फाचा संबंध नसतो व झाड बहुधा सावरते. दुसरी इजा प्रत्यक्ष गोठण्याची. पानाच्या आत पेशींच्या बाहेर बर्फाचे कण बनू लागतात आणि ते पेशींमधले पाणी ओढून घेतात. पेशी सुकतात, फुटतात आणि ऊन चढल्यावर पान काळे पडून लुळे होते. गेलेले पान पुन्हा सावरत नाही. झाड वाचले तर ते बुंध्यातून किंवा मुळातून नव्याने फुटूनच.

पाला कसा पडतो?

मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. परंतु इकडच्या बोलीत ‘पाला पडणे’ म्हणजे दव गोठून पांढरा थर धरणे. पाला पडला की पाला जळतो, अशी ही गंमत आहे.

दिवसा जमीन, भिंती आणि झाडे उन्हाने तापतात. रात्री हीच उष्णता ती वर आकाशाकडे सोडतात. आकाशात ढग असले तर ते गोधडीप्रमाणे उष्णता अडवतात. आकाश निरभ्र आणि वारा अगदी पडलेला असला तर मात्र उष्णता निर्वेध निघून जाते. जमिनीलगतची हवा थंड होते. थंड हवा जड असल्याने खालीच साठते आणि पाण्याप्रमाणे उताराकडे वाहते. वाटेत कुंपणाची भिंत आडवी आली तर तिच्यामागे ती तळ्यासारखी तुंबते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हवामान खाते जे तापमान सांगते ते जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, आडोशाच्या लाकडी पेटीत मोजलेले असते. शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवरचे गवत त्याहून काही अंश अधिक थंड असू शकते. त्यामुळे बातमीत ‘किमान ३ अंश’ असे ऐकले, तरी अंगणातल्या गवतावर पाला पडलेला आढळतो. यात कोणाची चूक नसते. मोजण्याची जागा निराळी असते, एवढेच.

भिंतीचे तीन उपकार

घराच्या भिंतीजवळ उभ्या असलेल्या झुडपाला तीन प्रकारे साहाय्य मिळते.

पहिले, भिंत ही उष्णतेची पेढी आहे. दिवसभर तिच्यात ऊन जमा होते आणि रात्री ते हळूहळू परत मिळते. जाड दगडी भिंत, विटांची भिंत आणि खेड्यातली हातभर रुंद मातीची भिंत ही ठेव चांगली सांभाळतात. पत्र्याचा आडोसा लवकर तापतो आणि तितक्याच लवकर निवतो; त्याचा रात्री फारसा उपयोग नाही.

दुसरे, भिंत झाडाचे अर्धे आकाश झाकते. उघड्यावरचे झाड चहूकडून आकाशाकडे उष्णता गमावते. भिंतीला टेकून असलेल्या झाडाच्या एका बाजूला थंड आकाशाऐवजी कोमट भिंत असते. वर छज्जा किंवा पागोळीचा पुढे आलेला भाग असेल तर आणखी थोडे आकाश झाकले जाते. हा लाभ लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. परंतु पाल्याच्या रात्री तो फार मोलाचा असतो.

तिसरे, भिंत वारा अडवते. थंडीच्या लाटेत उत्तरेकडून व वायव्येकडून येणारे कोरडे वारे पानांतला ओलावा ओढून घेतात. घराच्या दक्षिणेस असलेले झाड या वाऱ्यापासून सुरक्षित राहते.

या तिन्ही गोष्टी मिळून भिंतीलगतची जागा पहाटे उघड्या अंगणापेक्षा दोन-तीन अंशांनी, काही घरी त्याहूनही अधिक, उबदार राहू शकते. हा आकडा लहान वाटेल. पण उणे एक आणि अधिक दोन यांमधले अंतर जास्वंदीच्या दृष्टीने मरण आणि जीवन यांमधले अंतर आहे.

तथापि या पेढीवर डोळे मिटून विसंबू नये. जानेवारीत या भागात कधी कधी सलग काही दिवस दाट धुके राहते आणि सूर्यदर्शनही होत नाही. त्या दिवसांत भिंतीत काहीच जमा होत नाही. धुके असेतोवर रात्री फारशा गोठवणाऱ्या नसतात. मात्र ते विरून आकाश निवळले की पहिलीच निरभ्र रात्र घातक ठरू शकते. त्या रात्री थंडी कडक आणि भिंत रिकामी असते. अनुभवी बागकाम करणारे या रात्रीसाठी गोणपाट आधीच काढून ठेवतात.

कोणती भिंत निवडावी?

याचे उत्तर सूर्याच्या मार्गात आहे. ग्वाल्हेर सुमारे २६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य येथे क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवरच असतो. तो आग्नेयेस उगवतो, दक्षिणेकडून तिरपा फिरतो आणि नैर्ऋत्येस मावळतो. म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेची भिंत जवळजवळ दिवसभर ऊन खाते. २१ जूनच्या सुमारास हाच सूर्य दुपारी सुमारे ८७ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असतो आणि सकाळ-संध्याकाळ तर तो घराच्या उत्तरेकडे कललेला असतो.

त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. दक्षिण भिंतीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर डिसेंबरातल्या दुपारी त्याची सावली भिंतीवर पावणेदोन फुटांपर्यंतच उतरते. खालची सारी भिंत उन्हात राहते. जूनमधल्या दुपारी तोच छज्जा सबंध भिंत सावलीत ठेवतो. जी भिंत हिवाळ्यात शेगडी, तीच उन्हाळ्यात भट्टी होत नाही. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपार जातो आणि लू वाहते, तेथे हा गुण दुर्लक्षून चालणार नाही.

पश्चिमेची भिंत दुपारनंतरचे ऊन साठवते आणि रात्री चांगली ऊब देते. परंतु वैशाख-ज्येष्ठात तिच्याजवळचे कोवळे झाड होरपळते. पूर्वेची भिंत उन्हाळ्यात सुखाची, पण तिला दुपारनंतर ऊन नसल्याने पहाटेपर्यंत तिची शिल्लक संपलेली असते. उत्तरेच्या भिंतीला हिवाळ्यात ऊन मिळतच नाही. म्हणून दक्षिणेची भिंत सर्वांत उत्तम. दक्षिण आणि पूर्व भिंती जेथे काटकोनात मिळून कोनाडा होतो, किंवा घराला लागूनच दुसऱ्या इमारतीने वायव्येचा वारा अडवलेला असतो, अशी जागा मिळाल्यास ती त्याहूनही चांगली.

तुळस काय सांगते?

जागा ओळखण्यासाठी उपकरण असलेच पाहिजे असे नाही. घरोघरी असलेली तुळस हे थंडीचे चांगले मापक आहे. तुळशीला पाला मुळीच सोसत नाही. वृंदावन बहुधा मोकळ्या अंगणाच्या मध्यभागी, चहूकडून उघड्या आकाशाखाली असते. म्हणूनच हिवाळ्यात घरातली वडीलधारी मंडळी तुळशीवर कापड घालतात. कार्तिकात तुळशीची चार-पाच छोटी रोपे कुंड्यांत घेऊन घराच्या वेगवेगळ्या बाजूंना ठेवावीत. जेथली तुळस शेवटी काळी पडते, किंवा पडतच नाही, ती जागा सर्वांत उबदार समजावी.

इतर खुणाही आहेत. सकाळी गवतावरचा पांढरा थर कोठपर्यंत पसरला आहे आणि भिंतीपासून किती अंतरावर तो थांबतो, हे पाहावे. हिवाळ्याच्या दिवसांत मांजर कोठे अंग चोरून झोपते आणि आजी धान्य निवडायला कोणत्या पायरीवर बसते, याकडेही लक्ष द्यावे. या दोघींची निवड सहसा चुकत नाही.

शाळांना यात एक सुंदर प्रयोग सापडेल. शिक्षकांनी साधे तापमापक घेऊन शाळेच्या चार भिंतींजवळ आणि मैदानाच्या मध्यभागी, सारख्याच उंचीवर, सूर्योदयापूर्वीचे तापमान महिनाभर नोंदवून घ्यावे. दिवसातील सर्वांत कमी तापमान साधारणतः सूर्योदयाच्या आसपासच असते. वहीत तारीख, आकाश निरभ्र की ढगाळ, वारा होता की नव्हता, हेही लिहावे. महिनाअखेर आलेख काढल्यावर भूगोलाच्या पुस्तकातले हवामान आपल्या शाळेच्या भिंतीपाशीच उभे आहे, हे विद्यार्थ्यांना दिसेल. त्यांनी शोधलेल्या उबदार जागेत शाळेचेच एक झुडूप लावता येईल.

झुडपाची निवड

जागा ठरल्यावर झाड ठरवावे. लोकांच्या आवडीची काही झुडपे या कसोटीवर पाहणे उपयुक्त होईल.

कण्हेर ही थंडी आणि लू दोन्ही सोसते. शून्याखालचे काही अंशही तिला मारीत नाहीत. तिला घराजवळची उबदार जागा देणे म्हणजे ती जागा वाया घालवणे होय. शिवाय तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुलांच्या व गुरांच्या वाटेवर ती नसावी.

मोगरा थंडीत पाने टाकून बसतो. पण उन्हाळा लागताच नव्या फुटीवर बहरतो. त्याला साधा आडोसा पुरतो.

कढीलिंब याच देशाचा रहिवासी आहे आणि हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आढळतो. मोठे झाड पाने गाळून हिवाळा काढते. धोका असतो तो पहिल्या दोन वर्षांच्या कोवळ्या रोपाला. तेवढा काळ त्याला भिंतीची ऊब द्यावी. पुढे ते आपले आपण पाहून घेते.

अबोली अतिशय नाजूक आहे. दहा अंशांखालीच ती कोमेजू लागते आणि पाल्यात तग धरीत नाही. भिंतीची दोन-तीन अंशांची मदत तिला अपुरी पडते. म्हणून अबोली कुंडीतच लावावी आणि मार्गशीर्ष ते माघ रात्री घरात किंवा पडवीत घ्यावी.

अनंत आणि पेंडगूळ, ज्याला रोपवाटिकांत एक्झोरा म्हणतात, यांच्या बाबतीत एक वेगळीच अडचण आहे. अनंताला थंडीचे फारसे भय नसते, पेंडगुळाला असते; परंतु दोघांनाही आम्लधर्मी माती लागते. घराच्या भिंतीलगतच्या मातीत चुना, सिमेंट आणि बांधकामाचा राडारोडा मिसळलेला असतो. पाणीही पुष्कळ ठिकाणी जड असते. अशा अल्कधर्मी मातीत झाडाला लोह घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मालक ते थंडीने झाले असे समजतो आणि आणखी पांघरूण घालतो. दोष मात्र जमिनीत असतो. जी भिंत ऊब देते तीच चुनाही देते, हे या दोन झाडांचे शौकीन असलेल्यांनी विसरू नये. त्यांनी ही झाडे मोठ्या कुंडीत, पानकुजीचे खत मिसळलेल्या मातीत लावणे श्रेयस्कर.

राहता राहिली जास्वंद. वनस्पतिशास्त्रात हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस या नावाने ओळखले जाणारे हे झुडूप आपल्या विषयासाठी अगदी योग्य उदाहरण आहे. उघड्या अंगणात तिची शाश्वती नाही. भिंतीच्या उबेत मात्र ती जगू शकते. दहा अंशांखाली तिची वाढ थांबते व काही पाने पिवळी पडतात. शून्याच्या आसपास पाने आणि कोवळे शेंडे जळतात. क्षणिक गोठणीत फांद्या गेल्या तरी मुळे जिवंत राहू शकतात आणि माती तापताच बुंध्यातून नवे कोंब येतात. तिचे फूल नव्या फुटीवर येते, म्हणून जानेवारीत शेंडे जळाले तरी भाद्रपदातील फुले बुडत नाहीत. मातीच्या बाबतीतही ती अनंतासारखी हट्टी नाही.

जास्वंदीतही निवड आहे. रोपवाटिकेत पिवळ्या, केशरी, दुहेरी पाकळ्यांच्या मोठ्या फुलांच्या संकरित जाती लक्ष वेधून घेतात. त्या दिसायला मोहक, पण बहुधा अधिक नाजूक असतात आणि पुष्कळदा दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलम केलेल्या असतात. थंडीत वरचे कलम मेले आणि खुंट फुटला, तर पुढच्या वर्षी भलतेच फूल येते. त्यापेक्षा साधी, एकेरी, तांबडी जास्वंद स्वतःच्या मुळांवर वाढलेली, म्हणजे फांदीपासून तयार केलेली, घ्यावी. ती जमिनीपर्यंत जळाली तरी पुन्हा तीच जास्वंद फुटते. ज्या शेजाऱ्याच्या घरी अशी जास्वंद आठ-दहा हिवाळे पाहून उभी आहे, त्याच्याकडून फांदी मागून घेणे हे दुरून आणलेल्या रोपापेक्षा केव्हाही शहाणपणाचे.

लागवड

लागवडीस आषाढ उत्तम. पाऊस सुरू होताच लावलेल्या रोपाला थंडीपूर्वी चार-पाच महिने मुळे पसरण्यास मिळतात. आश्विनानंतर लावलेले रोप अर्धवट मुळांनिशी हिवाळ्यात सापडते.

खड्डा भिंतीपासून दोन ते अडीच फुटांवर घ्यावा. त्याहून जवळ घेतल्यास पाण्याची ओल जोत्यात जाते, छज्जामुळे पावसाचे पाणी रोपाला मिळत नाही आणि भिंतीची रंगरंगोटीही अडते. फार लांब घेतल्यास भिंतीची ऊब पोचत नाही. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल असावा. त्यातील चुन्याचे तुकडे, विटांचे डबर काढून टाकून पोयट्याची माती व चांगले कुजलेले शेणखत भरावे. गच्चीवरचे पाणी जेथे पडते तेथे रोप लावू नये. गारठलेल्या, चिखलाळ मातीत मुळे कुजतात.

भाद्रपदानंतर नत्रयुक्त खत देऊ नये व छाटणीही करू नये. दोन्हींमुळे कोवळी फूट येते आणि पाल्याचा पहिला घास तीच ठरते. हिवाळ्यापूर्वी फांद्या जून व कणखर होऊ द्याव्यात. उन्हाळ्यात मात्र बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचे आच्छादन घालून नियमित पाणी द्यावे, आणि शेंड्यांवर पिठ्या ढेकूण दिसताच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा.

कडक रात्रीची तयारी

थंडीच्या लाटेची सूचना आकाशवाणी, वृत्तपत्रे व भ्रमणध्वनीवरून मिळते. तशी सूचना आली, आकाश निवळले आणि संध्याकाळी वारा पडला, म्हणजे पुढील उपाय योजावेत.

दुपारीच रोपाला बेताचे पाणी द्यावे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा अधिक उष्णता साठवते व ती खालून वर अधिक सुलभतेने पोचवते. शेतकरी तूर, बटाटा, वाटाणा यांना पाल्याच्या आदल्या दिवशी हलके पाणी देतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. मात्र पाने भिजवू नयेत.

बुंध्याशी सहा इंच उंचीपर्यंत मातीची भर द्यावी. वर सारे जळाले तरी या मातीखालचे डोळे जिवंत राहतात. झाडाचा हा खरा विमा होय.

सूर्यास्तापूर्वी चार बांबू रोवून त्यांवर गोणपाट किंवा जुनी चादर जमिनीपर्यंत सोडावी. येथे एक चूक सर्रास होते. पांघरूण झाडाच्या माथ्यावर गुंडाळून बुंध्याशी दोरीने आवळले जाते. झाड माणसाप्रमाणे स्वतःची ऊब निर्माण करीत नाही. ऊब जमिनीतून व भिंतीतून येते. पांघरूण आवळल्याने ती बाहेर राहते. ते तंबूसारखे असावे आणि भिंतीची बाजू मोकळी असावी. प्लॅस्टिकचा कागद पानांना टेकू देऊ नये. जेथे तो टेकतो तेथेच पान जळते. सकाळी ऊन आल्यावर पांघरूण काढावे, म्हणजे भिंत आणि जमीन पुन्हा तापू लागतील. याशिवाय पाण्याने भरलेले दोन-तीन माठ रोपाजवळ ठेवल्यास लहानशी मदत होते. दिवसा उन्हात तापलेले पाणी रात्री सावकाश निवते.

पाला पडून गेल्यावर

एवढे करूनही एखाद्या वर्षी झाड काळे पडेल. अशा वेळी कात्री हाती घेण्याचा मोह आवरावा. वरच्या मेलेल्या फांद्या खालच्या जिवंत भागाला पुढच्या थंडीपासून आडोसा देतात. शिवाय आताच छाटले तर माघातल्या उबदार दिवसांत नवी फूट येऊन ती पुन्हा जळते. होळीपर्यंत थांबावे. नंतर नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर फांदी जिवंत, तपकिरी व कोरडे दिसले तर मेलेली. हिरव्या भागाच्या थोडे वर छाटावे. कोठेच हिरवे दिसले नाही तरी झाड उपटू नये. मातीची भर हलक्या हाताने दूर करून चैत्र संपेपर्यंत वाट पाहावी. अनेक जास्वंदी केवळ मालकाच्या अधीरपणामुळे मेलेल्या ठरतात.

आणखी एक खबरदारी सोपी आहे. श्रावणात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सात-आठ इंचांच्या दोन-तीन फांद्या कुंडीत लावाव्यात. त्या मुळावतात. एक कुंडी हिवाळ्यात पडवीत राहिली म्हणजे झाड पूर्ण गेले तरी वाण घरातून जात नाही. दुसरी कुंडी शेजाऱ्याला द्यावी. एका घरची जास्वंद गेली तर दुसऱ्या घरातून ती परत येते. वाण जपण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

थंडी कमी करणे कोणाच्याही हाती नाही. परंतु ती अंगणात कोठे साठते आणि कोठे थबकते, हे पाहणे प्रत्येकाच्या हाती आहे. त्यासाठी पैसा लागत नाही. एक हिवाळाभर पहाटे लवकर उठून घराभोवती एक फेरी मारावी लागते. यंदाच्या पौषात ही पाहणी केली, येत्या आषाढात दक्षिण भिंतीशी साधी तांबडी जास्वंद लावली आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात तीन-चार रात्री तिला तंबू दिला, तर पुढील चतुर्थीला फुलांसाठी बाजारात जाण्याची वेळ बहुधा येणार नाही.